स्वस्त पिस्तुलाची परीक्षा कोणी घ्यायची?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात तयार होणारे ‘हाय-पॉइंट’ नावाचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल तेथील दुकानांत दोनशे डॉलरच्या आसपास मिळते. नामांकित कंपन्यांच्या पिस्तुलांना याच्या अडीच ते तीन पट किंमत मोजावी लागते. हौशी माणूस असे स्वस्त पिस्तूल विकत घेतो, शूटिंग रेंजवर नेतो, शे-दोनशे गोळ्या झाडून पाहतो आणि ‘पैशाच्या मानाने बरे आहे’ किंवा ‘पैसे पाण्यात गेले’ असा निकाल देतो. अशा चाचण्यांचे वृत्तांत तेथील नेमबाजीच्या मासिकांतून वर्षानुवर्षे छापले जातात आणि आवडीने वाचले जातात. ग्राहकाने वस्तू पारखून घ्यावी, हे तर शहाणपणाचेच लक्षण मानले जाते. तेव्हा यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील.

आक्षेप चाचणीला नाही. ती कोणाच्या माथी मारली गेली आहे, याला आहे. माणसाचा जीव घेणारी वस्तू वेळेवर चालते की नाही, हातातून पडली असता आपोआप सुटते की नाही, नळी फुटून धरणाऱ्याच्याच बोटांवर बेतते की नाही, हे तपासण्याची जबाबदारी अमेरिकेच्या संघराज्याने बव्हंशी ग्राहकावर टाकली आहे. आणि ज्या ग्राहकाला या तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ती करणे सर्वांत कमी परवडते. स्वस्त पिस्तुलाच्या वादाचे मर्म येथे आहे.

प्रथम हे पिस्तूल स्वस्त का असते ते पाहू. गोळी सुटताना काडतुसातील वायूचा दाब जसा गोळीला पुढे ढकलतो, तसा पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, म्हणजे स्लाइडला, मागे ढकलतो. महागड्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकून राहतात आणि दाब उतरल्यावरच सुटतात. या रचनेला बारीक कारागिरी लागते. स्वस्त पिस्तुलात हा खटका नसतो. स्लाइडचे नुसते वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच तो दाब पेलला जातो. त्यामुळे स्लाइड जाडजूड ठेवावी लागते. आणि ती पोलादातून कोरून काढण्याऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची साच्यात ओतली जाते. परिणामी आठ काडतुसांचे मॅगझिन असलेले हाय-पॉइंट सुमारे ८२० ग्रॅम भरते, तर पंधरा काडतुसांचे ‘ग्लॉक-१९’ मोकळ्या मॅगझिनसह सुमारे ६७० ग्रॅम. बोजड रूपाची थट्टा होत असली, तरी या रचनेत मुळातच काही खोट आहे असे नाही. वजनामुळे हाताला बसणारा झटका थोडा कमी होतो, आणि कंपनी पिस्तुलाला आजन्म दुरुस्तीची हमी देते. स्वस्त म्हणजे टाकाऊ, हे समीकरण येथे सरसकट लागू पडत नाही. म्हणूनच चाचणी आवश्यक ठरते. कारण किंमत पाहून निकाल देता येत नाही.

रेंजवर काय कळते?

रेंजवरची चाचणी साधी असते. कानांवर आवाज अडविणारी आवरणे आणि डोळ्यांवर चष्मा चढवून, एकवीस फुटांवर टांगलेल्या कागदी निशाणावर एकामागून एक मॅगझिन रिकामे करायचे. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात, त्यावरून अचूकपणा ठरतो. काडतूस नळीत चढताना अडकते का, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते की स्लाइडमध्ये चिमटले जाते, चाप ओढूनही गोळी सुटत नाही असे किती वेळा होते, यावरून भरवसा ठरतो. गोल टोकाच्या गोळ्या सुरळीत चढतात आणि पोकळ टोकाच्या मात्र अडतात, असेही पुष्कळदा आढळते. यंत्राचे भाग परस्परांत बसेपर्यंत सुरुवातीच्या शे-दोनशे गोळ्या खर्ची घालाव्यात, असे जाणकार सांगतात.

आता हिशेब करू. नऊ मिलिमीटरच्या साध्या काडतुसाला साधारण पंचवीस ते तीस सेंट पडतात. दोनशे काडतुसांचे पन्नास-साठ डॉलर झाले. त्यात रेंजचे शुल्क मिळवले की दोनशे डॉलरच्या पिस्तुलाच्या परीक्षेला त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा लागतो. ज्याच्या घरी आधीच चार पिस्तुले आहेत, त्याच्या दृष्टीने हा एका दुपारच्या करमणुकीचा खर्च आहे. परंतु स्वस्त पिस्तुलाचा खरा गिऱ्हाईक तो नव्हे. रात्रपाळी करून एकटीने घरी परतणारी परिचारिका, उपद्रवी वस्तीत किराणा दुकान चालविणारा दुकानदार, पोलिसांची गाडी यायला अर्धा तास लागतो अशा खेड्यातला वृद्ध, अशी माणसे महाग पिस्तूल परवडत नाही म्हणून स्वस्त घेतात. पन्नास काडतुसांची एक पेटी ती घेतात, त्यातील दहा-वीस झाडून पाहतात किंवा एकही झाडत नाहीत, आणि पिस्तूल उशाच्या खणात ठेवून देतात.

थोडक्या गोळ्यांच्या परीक्षेची किंमत किती, हे शाळेतल्या गणितानेही दाखविता येते. समजा एखादे पिस्तूल सरासरीने दर शंभर गोळ्यांत एकदा अडकते. स्वसंरक्षणाच्या शस्त्राला हे प्रमाण मुळीच शोभणारे नाही. तरीही अशा पिस्तुलातून लागोपाठ पन्नास गोळ्या विनाअडथळा सुटण्याची शक्यता शेकडा साठ असते. दोनशे गोळ्या सुटण्याची शक्यतासुद्धा शेकडा तेरा उरते. म्हणजे एका पेटीच्या परीक्षेत सदोष पिस्तूल नापास होण्यापेक्षा उत्तीर्ण होण्याचाच संभव अधिक. गरिबाने पोटाला चिमटा काढून केलेली चाचणी त्याला ज्ञान देत नाही, खोटा दिलासा तेवढा देते.

शिवाय रेंजवर कळू शकत नाहीत अशाही गोष्टी आहेत. भरलेले पिस्तूल फरशीवर आपटून पाहण्याचा प्रयोग कोणताही सुज्ञ रेंजमालक करू देणार नाही, आणि देऊही नये. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस घालून नळी तगते का, हे ग्राहकाने स्वतःच्या हाताने अजमावणे म्हणजे आत्मघात होय. तात्पर्य, परीक्षेतले सर्वांत महत्त्वाचे प्रश्न ग्राहकाच्या आवाक्याबाहेरचेच असतात.

खेळण्याला पहारा, शस्त्राला मोकळीक

मग हे प्रश्न विचारतो कोण? अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग निर्माण झाला. पाळणे, सायकली, विजेची उपकरणे, मुलांची खेळणी हे सारे त्याच्या अधिकारात येते. धोकादायक माल बाजारातून परत घ्यावयास तो लावू शकतो. परंतु त्याच कायद्यातील व्याख्येतून बंदुका आणि काडतुसे वगळण्यात आली. १९८८ च्या एका कायद्यानुसार खेळण्यातील पिस्तुलाच्या टोकाला नारिंगी खूण असावी लागते. अशा रीतीने खेळण्यातले पिस्तूल मुलाच्या हातात धोक्याचे आहे की काय, हे पाहणारा अधिकारी अमेरिकेत आहे. खऱ्या पिस्तुलाच्या रचनेतील दोषाबद्दल कारखानदाराला माल परत घ्यावयास लावणारा संघराज्याचा अधिकारी मात्र नाही.

युरोपात याच्या उलट परंपरा आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली, आणि बंदुकीची नळी तपासून तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. बेल्जममधील लिएज येथे १६७२ पासून असे परीक्षागृह आहे. बर्मिंगहॅमचे १८१३ साली स्थापन झाले. तेथे प्रत्येक बंदुकीतून नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस झाडले जाते. नळी तगली तर शिक्का, नाही तर भंगार. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्यान्वये अशा शिक्क्याविना बंदूक विकणे हा गुन्हा आहे. १९१४ पासून या परीक्षांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरविणारी संस्थाही आहे. अमेरिका तिची सदस्य नाही. तेथे १९२६ साली स्थापन झालेल्या कारखानदारांच्याच संघटनेने मानके ठरविली आहेत आणि ती पाळणे ऐच्छिक आहे. चांगले कारखानदार ती पाळतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु परीक्षार्थ्यानेच परीक्षा घ्यावी आणि ती द्यायची की नाही हेही त्यानेच ठरवावे, ही व्यवस्था शाळेत चालत नाही. ती शस्त्राच्या बाबतीत का चालावी?

स्वस्ताईवर बंदी हा उपाय नव्हे

यावर एक सोपा उपाय पुष्कळांना सुचतो. स्वस्त पिस्तुलेच बंद करून टाकावीत! अमेरिकेत हा प्रयोग झालेला आहे आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनी देश हादरला असताना संमत झालेल्या कायद्याने, खेळासाठी योग्य नसलेल्या पिस्तुलांची आयात रोखली. लांबी, वजन, सुरक्षिततेची साधने यांना गुण देण्यात आले. रिव्हॉल्व्हरला ४५ आणि पिस्तुलाला ७५ गुण मिळाल्याशिवाय ते देशात येऊ शकत नव्हते. पण ही परीक्षा परदेशी मालालाच होती. देशात बनणाऱ्या पिस्तुलाला ती लागू नव्हती. तेव्हा व्हायचे तेच झाले. एका जर्मन कंपनीने सुटे भाग मायामीत आणून तेथे रिव्हॉल्व्हरे जोडावयास सुरुवात केली. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर ज्या.२२ च्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या गेल्या, ते याच मालातले, दुकानात पन्नासेक डॉलरला मिळालेले होते. तर दुसरीकडे लॉस एंजेलिसच्या आसपास १९७० पासून जस्ताच्या ओतीव पिस्तुलांचे कारखानेच उभे राहिले. त्यांपैकी एका कारखान्याच्या पिस्तुलाची रचना अशी होती की, ते रिकामे करण्यासाठी आधी सेफ्टी काढावी लागे. १९९४ साली असे रिकामे करतानाच सुटलेल्या गोळीने एक सात वर्षांचा मुलगा जन्माचा पंगू झाला. २००३ साली न्यायालयाने दोन कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरविली आणि कंपनीने दिवाळे काढले. दोष नऊ वर्षांनी सिद्ध झाला, तोही एका बालकाच्या देहावर.

बंदीचा आणखी जुना प्रयोग १८७९ सालचा, टेनेसी राज्यातला. त्या कायद्याने लष्करी आणि नाविक दलाच्या नमुन्याची मोठी रिव्हॉल्व्हरे वगळता इतर सर्व पिस्तुलांची विक्री बंद केली. कायद्यात कोणाच्या वर्णाचा वा उत्पन्नाचा उल्लेख नव्हता. परंतु लष्करी नमुन्याची रिव्हॉल्व्हरे महाग असत, आणि यादवी युद्धात लढलेल्या गोऱ्यांच्या घरी ती पुष्कळदा आधीपासून असत. हत्यार बंद झाले ते नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांचे आणि गरिबांचे, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. आपल्या वाचकांना येथे दुसऱ्या एका कायद्याची आठवण होईल. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ साली, लॉर्ड लिटन यांनी हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आणला. त्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना तीतून वगळले. लिटनसाहेबांनी भेदभाव उघडपणे लिहून ठेवला, टेनेसीने तो किमतीच्या आड लपविला, इतकाच फरक. शस्त्रनियंत्रण आवश्यक मानणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवले पाहिजे की, किंमत पाहून घातलेली बंदी गुन्हेगाराला क्वचितच अडविते. गरिबाला मात्र नेमकी गाठते.

कसोटी सर्वांना सारखी

उलट महागाई म्हणजे सुरक्षितता, हाही भ्रमच आहे. ‘सिग सॉवर’ या नामांकित कंपनीचे पी-३२० हे पिस्तूल हाय-पॉइंटच्या कितीतरी पट प्रतिष्ठित. त्याच्या एका आवृत्तीची निवड अमेरिकन सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बाजारात विकले जाणारे पी-३२० विशिष्ट कोनात खाली पडले असता सुटते, असे खासगी चाचण्यांत दिसून आले आणि कंपनीने ग्राहकांना पिस्तुलात विनामूल्य बदल करून देण्याची तयारी दाखविली. दोष उघडकीला आणला तो विक्रेत्यांनी आणि हौशी लोकांनी, सरकारी परीक्षकाने नव्हे. तेव्हा कसोटी लावावयाची तर ती दोनशे डॉलरच्या आणि हजार डॉलरच्या पिस्तुलाला एकसारखीच लावली पाहिजे.

अशी कसोटी अशक्य नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली कायदा केला आणि तो २००१ पासून अमलात आला. नव्या नमुन्याची तीन पिस्तुले मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्यावयाची. प्रत्येकातून ६०० गोळ्या झाडावयाच्या. पहिल्या वीस गोळ्यांत एकही अडथळा येता कामा नये आणि एकंदर सहाशेंत सहाहून अधिक येता कामा नयेत. मग सुमारे एक मीटर उंचीवरून ते काँक्रीटवर निरनिराळ्या बाजूंनी पाडावयाचे. ते सुटता कामा नये. खर्च कारखानदाराचा. तीन पिस्तुलांच्या १,८०० गोळ्यांचा आणि प्रयोगशाळेचा खर्च हजारो नगांवर विभागला, तर एका ग्राहकाच्या वाट्याला किती येईल? रेंजवर त्याने स्वतः झाडावयाच्या दोनशे गोळ्यांहून तो खचितच कमी असेल, आणि त्यातून मिळणारे ज्ञान मात्र कितीतरी अधिक.

या कायद्यावरचे आक्षेपही नोंदविले पाहिजेत. पुढे कॅलिफोर्नियाने या मूळ कसोट्यांवर नव्या अटींची भर घातली. २०१३ पासून तर काडतुसाच्या टरफलावर पिस्तुलाची सूक्ष्म ओळखखूण उमटली पाहिजे, अशी अट लागू झाली. ती पुरी करणारे पिस्तूल बाजारात आलेच नाही आणि नव्या नमुन्यांची वाट जवळजवळ बंद झाली. पिस्तूल घरी बाळगण्याचा नागरिकाचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केलेला आहे; त्याच्या आधारे या अटींना आव्हान दिले गेले आणि २०२३ साली संघराज्याच्या एका न्यायाधीशाने त्यांविरुद्ध हुकूम दिला. सुरक्षिततेच्या नावाखाली बंदी आणली की सुरक्षिततेची मूळ मागणीही लोकांच्या मनातून उतरते, हा यातील धडा आहे. परीक्षा ही परीक्षाच असावी. प्रामाणिक विद्यार्थी उत्तीर्ण होऊच नये अशी प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला परीक्षक म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, रचनेत दोष असेल तर कारखानदारावर दावा लावता येतो, मग सरकारी परीक्षेची गरज काय? गुन्ह्यात वापरल्या गेलेल्या शस्त्राबद्दल कारखानदारांना २००५ च्या कायद्याने मोठे संरक्षण दिले असले, तरी सदोष रचनेबद्दल दाव्याची वाट काही अंशी खुली आहे, हे खरे. परंतु दावा दुर्घटनेनंतर लागतो. वर उल्लेखिलेल्या मुलाला भरपाई ठरवून मिळाली. त्याचे चालणे परत मिळाले नाही. आणि दिवाळखोर कारखान्याकडून भरपाई वसूल करणे हे काही सोपे काम नव्हे.

एक गोष्ट कोणतीही कसोटी सांगू शकणार नाही. अलीकडच्या काळात अमेरिकेत दरवर्षी ४० हजारांहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मरतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तेथे अंतर एकवीस फुटांचे नसते आणि पिस्तूल निर्दोष चालते, हेच दुर्दैव ठरते. उत्तम पिस्तूल घरात आणल्याने घर सुरक्षित होते, असे प्रमाणपत्र ६०० गोळ्यांच्या परीक्षेने मिळत नाही. ते प्रश्न परवान्याचे, कुलपाचे आणि मानसोपचाराचे आहेत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

आपल्याकडे हा प्रश्न या स्वरूपात नाही. राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून कोल्हापुरातील शाळकरी मुलेमुलीही शूटिंग रेंज म्हणजे पदकाची वाट असेच समजतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये पिस्तूल बाळगण्यालाच नव्हे, तर विक्रीसाठी ते तपासण्यालाही परवाना लागतो. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ साली महिलांसाठी म्हणून काढलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरची किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात होती. आपल्याकडचे स्वस्त पिस्तूल म्हणजे बेकायदा गावठी कट्टा. त्याची कसोटी कोठेच होत नाही, आणि तो झाडणाऱ्याच्या हातातही फुटतो. आपल्याला अमेरिकेपुढे मिरवण्याजोगे यात फारसे नाही. पण वस्तू प्राणघातक असली की तिच्या परीक्षेचा भार बनविणाऱ्याने उचलावा, हे तत्त्व मात्र आपल्या कायद्याला परके नाही, आणि ते पिस्तुलापुरते मर्यादितही नाही. गॅसची शेगडी, प्रेशर कुकर, विजेचा हीटर विकत घेताना आपण त्यावरचा शिक्का पाहतो आणि निर्धास्तपणे घरी नेतो. घरी आणून त्यांचा स्फोट होतो का, हे पाहण्यास आपल्याला कोणी सांगत नाही.

शूटिंग रेंजवर स्वस्त पिस्तूल पारखणाऱ्या अमेरिकन हौशी नेमबाजाला दोष देण्याचे कारण नाही. किंबहुना सरकारने सोडून दिलेले काम तो पदरमोड करून करतो आहे. परंतु त्याने पारखलेले एक पिस्तूल चांगले निघाले, यावरून त्याच कारखान्यातील दुसरे, जे कोणा दुकानदाराच्या गल्ल्याखाली न झाडता पडून आहे, तेही चांगलेच असेल असे ठरत नाही. ते ठरविण्यासाठी कारखान्याच्या दारातच परीक्षा हवी. ती स्वस्ताला आणि महागाला सारखी हवी, उत्तीर्ण होता येईल इतकी सरळ हवी, आणि तिचा खर्च जो नफा मिळवतो त्याच्याकडून हवा. अमेरिकेतील शस्त्रांचे समर्थक आणि विरोधक यांचे कशावरही एकमत होत नाही, असे म्हणतात. विकलेली वस्तू हातातून पडून सुटू नये, एवढ्या मुद्द्यावर तरी ते व्हावयास हरकत नसावी.